तुम्ही विचारलंत म्हणून : खरेदी विभागातल्या नोकरीचे आता काय?

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्याच्या खरेदी विभागात मी बरीच वर्षे काम करीत आहे. खेड, चिपळूण, गुहागरकडचे ओळखीचे लोक, विशेषतः ज्यांची मुले पदवी किंवा डिप्लोमा संपवून नोकरीच्या शोधात आहेत असे पालक, मला अलीकडे एकच प्रश्न विचारतात: खरेदीचे काम जर एआयच करणार असेल, तर मुलाला या खात्यात घालण्यात अर्थ आहे का? उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मे सांगायचे राहून जाते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

बाहेरच्या माणसाला खरेदी म्हणजे घासाघीस वाटते. प्रत्यक्षात या विभागाचा बहुतेक वेळ कागदांत जात असे. प्लँटकडून इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, येते, त्यावरून पुरवठादारांना एन्क्वायरी, म्हणजे दराची विचारणा, जाते, कोटेशने येतात, आणि ती एकाखाली एक मांडून तुलनात्मक तक्ता करावा लागतो, कारण एकाने वाहतूक धरून भाव दिलेला असतो, दुसऱ्याने न धरता, आणि तिसऱ्याने पॅकिंगचे पैसे वेगळे लावलेले असतात. मग मंजुरी, पर्चेस ऑर्डर, पाठपुराव्याचे फोन, माल गेटवर आल्यावर स्टोअरची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, आणि सर्वांत शेवटी बिल. ऑर्डर, जीआरएन आणि बिल या तिन्हींतले नग, दर आणि कर जुळले तरच बिल पास होते. हे जुळवण्यात माणसांचे दिवसच्या दिवस जात असत. आज ते काम सॉफ्टवेअर करते आणि माणसापेक्षा चांगले करते, हे मी निःसंकोच सांगतो.

याचे सगळे श्रेय एआयला देणे मात्र बरोबर होणार नाही. आपल्याकडे यंत्राला वाट करून दिली ती करपद्धतीने. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले, आणि ही मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ई-इनव्हॉइसची माहिती मुळातच यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात असते, त्यामुळे ते बिल सिस्टीममध्ये घेताना कोणाला टायपिंग करावे लागत नाही. एआयने त्यापुढचे काम उचलले. वेगवेगळ्या मांडणीची कोटेशने आणि लांबलचक मेल वाचून त्यांतला दर, मुदत आणि अटी ते बाजूला काढते, तक्ता करते, एन्क्वायरीचा मसुदा लिहिते, आणि ६२०५ नंबरचे एकच बेअरिंग आपण निरनिराळ्या वर्णनांनी निरनिराळ्या दरांत घेत आहोत, हेही दाखवून देते. असल्या गोष्टी आमच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नव्हत्या, कारण यादी इतकी मोठी की ती सगळी सलग कोणी वाचतच नसे.

पण आमचे पुरवठादार सगळेच ५ कोटींच्या वरचे नाहीत. लाकडी पॅलेट करणारा, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवणारा, टेम्पोवाला, कँटीनला भाजी आणि मासळी देणारा, हे लोक आजही कार्बन कागद घातलेल्या चलन-पुस्तकात हाताने लिहितात आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यांतल्या काहींचे आकडे देवनागरीत असतात. हाताने लिहिलेला ४ यंत्राला इंग्रजी आठसारखा दिसू शकतो, आणि घाईत लिहिलेले १ आणि ९ तर एकमेकांत मिसळतातच. चाळीस पॅलेटचे चलन ऐंशीचे म्हणून वाचले गेले, की ऑर्डर आणि बिल जुळत नाही, बिल अडकते, आणि ज्याचे बिल अडकते तो माणूस महिनाभर थांबण्याच्या ऐपतीचा नसतो. मोठ्या कंपनीच्या बिलाला असा अडथळा येत नाही. यंत्राने सर्वांचे काम सोपे केले असे म्हणताना हा फरक लक्षात ठेवला पाहिजे: ज्याचा व्यवहार आधीच नीटनेटक्या साच्यात होता, त्याचे सोपे झाले.

येथूनच माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. यंत्राला नोंदीत असते तेवढेच कळते. आमच्या कामातले बरेचसे शहाणपण आजवर नोंदीत कधी नव्हतेच. ते माणसांच्या डोक्यात आणि फोनवरच्या बोलण्यात होते.

एक उदाहरण नटबोल्टचे घ्या. पाइपलाइनच्या फ्लँजसाठी, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकत्यांसाठी, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लागतात. दर कमी करण्याचा पर्याय विचारला की सिस्टीम ३०४ ग्रेड सुचवते, आणि कागदावर तिचे चुकत नाही: माप तेच, आटे तेच, दिसायला तर दोन्ही अगदी सारखे. फरक इतकाच की ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे क्लोराइडपुढे, म्हणजे खारातल्या मिठापुढे, ते अधिक टिकते. आपल्याकडे हवेत खार, कारखान्यात आम्लाची वाफ, आणि चार महिने पाऊस. ३०४ ला अशा जागी बारीक खड्डे पडू लागतात, आणि ते वरून दिसेपर्यंत आत बरेच काही होऊन गेलेले असते. आमच्या मेंटेनन्सच्या माणसांना हे पाठ होते, म्हणून कोणी कधी लिहून ठेवले नाही. इंडेंटवर नुसते ‘एसएस बोल्ट’ एवढेच लिहिलेले असे, आणि स्टोअरमधला माणूस ते वाचून ३१६ च मागवत असे. आता आम्ही प्रत्येक अशा वस्तूपुढे ग्रेड, जागा आणि पर्याय का चालणार नाही याचे कारण लिहितो, आणि आलेल्या मालाची रासायनिक घटकांची तपासणी करणाऱ्या हातातल्या यंत्राने खात्री करतो. हे काम जितके लिहायला सोपे वाटते तितके करायला नाही, कारण त्यासाठी प्लँटमध्ये जाऊन तो फ्लँज पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक मनाला लागणारी आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडाले, महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल वाहतुकीला बंद पडला, आणि आमच्या एका पुरवठादाराच्या वर्कशॉपमध्ये लेथ पाण्याखाली गेली. त्या वर्षीच्या त्याच्या साऱ्या ऑर्डरी उशिरा आल्या. पुढे काही काळाने पुरवठादारांना गुण देणारी सिस्टीम बसवली, तेव्हा तिला मागच्या वर्षांच्या नोंदी दिल्या गेल्या, आणि त्या नोंदींत उशिराचे कारण म्हणून ‘पुरवठादाराकडून विलंब’ एवढेच होते, कारण जुन्या फॉर्ममध्ये निवडायला दुसरे कारण नव्हतेच. त्याचे गुण घसरले. गुण घसरले म्हणून एन्क्वायरीच्या यादीत त्याचे नाव येईना, आणि एन्क्वायरीच नाही म्हटल्यावर नवी ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही म्हटल्यावर गुण सुधारण्याची संधीही नाही. रात्री-अपरात्री पंपाचा शाफ्ट तुटला तर उठून येणारा हा माणूस, त्याने फोन करून विचारले, “साहेब, आमचं काही चुकलं का?” तेव्हा आम्ही आत पाहिले आणि हा प्रकार उलगडला. यंत्राने त्याच्याशी वैर केले नव्हते. यंत्राला पूर माहीत नव्हता एवढेच. त्या नोंदी आम्ही दुरुस्त केल्या, आणि यादीतून कोणाचेही नाव गळले की त्याचे कारण खरेदीतल्या एका माणसाने वाचून त्यावर सही करावी, असा नियम केला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की योग्य नोंद मिळाली तर यंत्र आमच्याही पुढे जाते. पुण्याहून कुंभार्ली घाटाने येणारा माल कोणत्या महिन्यात किती रखडतो, हे ते मागच्या वर्षांच्या गेट एन्ट्रीवरून काढते आणि जुलैचा साठा मे महिन्यातच वाढवायला सांगते. आम्ही हे अंदाजाने करीत होतो आणि कधी कधी जरूरीपेक्षा कितीतरी अधिक माल गोदामात भरून ठेवत होतो.

भाव ठरवणेही यंत्र करू लागले आहे. वॉलमार्टने २०२१ मध्ये कॅनडातील आपल्या काही पुरवठादारांशी बोलणी करायला एआयचा चॅटबॉट बसवला, आणि त्या प्रयोगात सुमारे ६४ टक्के पुरवठादारांशी करार जुळले. किरकोळ, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या वस्तूंसाठी मला यात गैर काही वाटत नाही. उलट जेथे माणसाला वेळच नसतो तेथे निदान बोलणी तरी होतील. पण लहान वर्कशॉपवाल्याशी यंत्राने दर पाडून घ्यावा, याला माझा विरोध आहे. तो नाही म्हणू शकत नाही हे यंत्राला जुन्या आकड्यांवरून सहज कळेल, आणि ते त्याचा फायदा घेईल, कारण तसे करू नकोस असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मला विचाराल तर यंत्राने सगळ्यांत आधी करायचे काम म्हणजे पैसे वेळेवर देण्याचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत, हे २००६ च्या कायद्यात आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज आहे. तरी लहान माणूस व्याज मागत नाही, कारण मागितले तर पुढची ऑर्डर जाईल. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) घातले, आणि मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा होत नाही असे ठरले. तेव्हा कोठे लेखा विभागांना तारखा दिसू लागल्या. आमच्या सिस्टीममध्ये आता उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या प्रत्येक पुरवठादाराच्या बिलापुढे उरलेले दिवस दिसतात, आणि मुदत जवळ आली की ते बिल आपोआप वर येते. सगळ्या स्वयंचलनातले हे मला सर्वांत मोलाचे वाटते. हीच सोय उलटीही वापरता येईल, म्हणजे मुदतीची कटकट नको म्हणून नोंदणीकृत लहान उद्योगांनाच यादीतून गाळता येईल. तसे कोणी सुचवले तर खरेदीतल्या माणसाने ठाम उभे राहिले पाहिजे.

आता नोकरीचे. डाटा एन्ट्री, ऑर्डर टाइप करणे, “माल कधी निघाला” असे विचारणारे फोन, या जागा कमी झाल्या आहेत आणि आणखी होतील. हे मी कोणापासून लपवणार नाही. कोकणापुढचा मोठा धोका त्याच्या जोडीने आलेला आहे: कागद गेला आणि सारे पडद्यावर आले, की ते काम लोट्यालाच का करायचे, असा प्रश्न मुख्य कार्यालयाला पडतो, आणि टेबल मुंबईला किंवा हैदराबादला हलते. पूर्वीपासून आपली मुले मुंबईची वाट धरत आली. लोट्यातल्या या टेबलांमुळे काहींना घरचे भात आणि आंब्याची कलमे सांभाळून नोकरी करता आली होती. ती टेबले एकेक करून कमी होत आहेत, याची मला खरीच चिंता आहे.

शिवाय याच टेबलांवर बसून आम्ही शिकलो. शेकडो तक्ते हाताने केल्यावर कोणता भाव खोटा आहे हे दर पाहताच कळू लागते. नव्या मुलाला तयार तक्ता मिळतो, तो शिकणार कसा? आम्ही आता नव्यांना आधी स्टोअर आणि गेटवर ठेवतो, माल उतरताना उभे करतो, आणि यंत्राने केलेल्या तक्त्यांपैकी काही हाताने पुन्हा करायला लावतो.

तेव्हा मुलाला या खात्यात घाला, पण टायपिंग आणि एक्सेल एवढ्या भांडवलावर नको. त्याला धातूची, रसायनाची किंवा पॅकिंगची वस्तू ओळखता यावी, जीएसटी आणि लघु उद्योगांचा कायदा वाचता यावा, आणि सिस्टीमचे उत्तर चुकीचे वाटले तर का चुकीचे आहे ते चार ओळींत लिहिता यावे. बँक खाते बदलल्याचा अगदी बिनचूक भाषेतला मेल पुरवठादाराच्या नावाने आला, तर उत्तर देण्याआधी जुन्या नंबरवर फोन करण्याची सवय हवी, कारण असले मेल लिहिणेही आता एआयमुळे सोपे झाले आहे. आणि मोटारसायकलवरून चिपळूणजवळच्या खेर्डी-खडपोलीच्या वर्कशॉपांत जायची तयारी हवी. आमच्याकडे दर वर्षी पावसापूर्वी ही फेरी होते: यंत्रे जोत्यापासून किती उंचीवर आहेत, मागचे पाणी कोठवर आले होते, वीज गेल्यावर जनरेटर आहे का, रस्ता तुटला तर माल दुसऱ्या कोणत्या वाटेने येईल, हे सगळे विचारून त्या पुरवठादाराच्या नोंदीत भरायचे. हे काम मुंबईतल्या टेबलावरून होत नाही, आणि जे मूल ते मनापासून करील त्याला मी उद्याही कामावर घेईन.