न्यूरोसायन्सची सुरुवात नकाशापासून नको, एका पेशीपासून करा

न्यूरोसायन्स शिकायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी मेंदूचं रंगीत चित्र उघडतात. इथे भीती, तिथे स्मृती, मागच्या बाजूला दृष्टी. आठवड्याभरात तीसेक नावं पाठ होतात, पण त्यांच्या जोरावर एकही प्रश्न सुटत नाही. पहिले दोन आठवडे एकाच चेतापेशीच्या व्होल्टेजवर घालवलेले बरे. लॉगॅरिदम आणि ओहमचा नियम येत असेल तर एवढी तयारी पुरते.

कागद-पेन घ्या. सस्तन प्राण्याच्या चेतापेशीत पोटॅशियम आत साधारण १४० मिलिमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजण्याचं एकक), बाहेर ५. सोडियम आत १५, बाहेर १४५. एखाद्या आयनचा, म्हणजे भारित कणाचा, ओघ कोणत्या व्होल्टेजला थांबतो ते नर्न्स्टचं समीकरण सांगतं. शरीराच्या तापमानाला ते असं होतं: ६१.५ गुणिले, बाहेरचं प्रमाण भागिले आतलं प्रमाण याचा दहाच्या पायाचा लॉग. पोटॅशियमसाठी उत्तर येतं सुमारे −८९ मिलिव्होल्ट, सोडियमसाठी +६१. शांत पेशी असते −७० च्या आसपास, म्हणजे पोटॅशियमच्या बरीच जवळ, पण नेमकी त्यावर नाही. कारण शांत असताना पोटॅशियमच्या वाटा जास्त उघड्या असतात आणि सोडियम थोडं थोडं आत झिरपत असतं. हे एक वाक्य स्वतःच्या हाताने आकडेमोड करून पटलं, की पुढचं निम्मं पुस्तक सोपं जातं.

चुका ठरलेल्या आहेत. आत-बाहेर उलटं भागलं की चिन्ह बदलतं. क्लोराइड ऋणभारित, म्हणून तिथे चिन्ह खरोखरच उलटं घ्यायचं असतं. कॅल्शियमवर दोन भार, म्हणून ६१.५ चे निम्मे करायचे.

आणखी एक गैरसमज फारच चिवट आहे: चेतापेशीने स्पाइक, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, दिल्यावर सोडियम-पोटॅशियम पंप (पेशीच्या आवरणातलं आयनांची ने-आण करणारं प्रथिन) व्होल्टेज खाली आणतो. नाही आणत. स्पाइक एक-दोन मिलिसेकंदांत संपतो. सोडियमचे चॅनेल, म्हणजे आवरणातल्या वाटा, आपोआप बंद पडतात, पोटॅशियमचे उघडतात आणि व्होल्टेज उतरतं. पंप तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो, पण तो संथ आहे. त्याचं काम साठा टिकवण्याचं. एका स्पाइकला इतके थोडे आयन लागतात की पंप बंद पाडला तरी पेशी काही काळ स्पाइक देत राहते.

मग पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा. पहिलं मॉडेल गळक्या बादलीचं: प्रवाह आत येतो, थोडा गळतो, पातळी काठाला लागली की स्पाइक, आणि बादली रिकामी. शांत पातळी −७०, उंबरठा −५५, रोध १० मेगाओहम, कालस्थिरांक (पातळी किती वेगाने बदलते ते ठरवणारा आकडा) १० मिलिसेकंद, प्रत्येक पाऊल ०.१ मिलिसेकंदाचं. दर पावलाला व्होल्टेजमध्ये मिळवायचं ते असं: (−७० वजा व्होल्टेज, अधिक रोध गुणिले प्रवाह), आणि या सगळ्याला ०.१ भागिले १० ने गुणायचं. १.४ नॅनोअँपियर दिला तर व्होल्टेज −५६ ला जाऊन बसतं आणि पेशी गप्प. १.६ दिला की साधारण २८ मिलिसेकंदांनी एक स्पाइक. २ दिला की १४ मिलिसेकंदांनी. प्रवाह पाव पटीने वाढला आणि स्पाइकचा वेग दुप्पट झाला. उंबरठ्याजवळची ही गंमत आलेख काढल्याशिवाय अंगात मुरत नाही. पेशी प्रत्येक पावलाला स्पाइक देऊ लागली तर बहुधा प्रवाह पिकोअँपियरमध्ये घातलाय. मेगाओहम आणि नॅनोअँपियर यांचा गुणाकार थेट मिलिव्होल्टमध्ये येतो, तीच जोडी धरून ठेवा.

यानंतर हॉजकिन आणि हक्स्ले या शास्त्रज्ञांचं स्पाइक कसा घडतो ते सांगणारं १९५२ चं मॉडेल. त्यांनी स्क्विड या सागरी प्राण्याचा ॲक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू) निवडला, कारण तो अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि आत तार घालता येते. मूळ लेखातली सूत्रं जशीच्या तशी उतरवली तर आलेख उलटा येईल: तिथे शांत पातळी शून्य धरली आहे आणि चिन्हांची पद्धत आजच्या उलट आहे. आकडेही ६.३ अंश सेल्सिअसचे आहेत. आधुनिक रूप वापरलं, म्हणजे शांत पातळी −६५ धरली, तर नेमक्या −५५ आणि −४० ला एकेका सूत्रात शून्य भागिले शून्य होतं. तेवढे दोन बिंदू कोडमध्ये वेगळे हाताळावे लागतात.

शरीररचना टाळता येत नाही, पण ती यादी करून नव्हे, एकेक वाट काढत शिकावी. दृष्टीची वाट घ्या आणि रेखाटा. डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला असतो, असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे. उजव्या मेंदूला जातं ते दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं डावं दृष्टिक्षेत्र. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) नाकाकडच्या निम्म्या भागातले तंतू मध्ये ओलांडतात, कानाकडचे ओलांडत नाहीत. आता विचारा: पियुषिका ग्रंथीची गाठ वाढून या ओलांडणीवर मधोमध दाबली तर काय दिसेनासं होईल? दोन्ही बाजूंचं बाहेरचं क्षेत्र. रेखाटन बरोबर असेल तर उत्तर पाठ करावं लागत नाही.

एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनची चित्रं शेवटी ठेवा. ती चेतापेशींचे स्पाइक दाखवत नाहीत, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दाखवतात, आणि तो कळस गाठायला पाचएक सेकंद घेतो. इथे स्पाइक मिलिसेकंदांचा आहे, हे विसरू नका.

शोधनिबंध वाचताना सारांश सोडून आधी आकृत्या पाहा, मग पद्धतींचा भाग. तिथे नमुन्यांची संख्या कशाची मोजली आहे ते तपासा. पाच उंदरांच्या प्रत्येकी वीस पेशी म्हणजे शंभर स्वतंत्र नमुने नव्हेत, कारण एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या वागतात. ‘शंभर’ लिहून सांख्यिकी चाचणी लावलेली दिसली, तर निष्कर्षावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा आणि पुढे वाचा.