‘ठीक आहे’ या उत्तरावर विसंबू नये

काही वर्षांपूर्वी मी एका सहकाऱ्यांना सांगितले की, अहवाल शुक्रवारपर्यंत हवा आहे, आणि ते ‘ठीक आहे’ म्हणाले. माझ्या मनात शुक्रवारी सकाळची बैठक होती, त्यांच्या मनात शुक्रवारची संध्याकाळ. बैठकीत मी रिकाम्या हातांनी बसलो आणि कितीतरी दिवस मनातल्या मनात त्यांनाच दोष देत राहिलो.

पुढे विमानवाहतुकीविषयी वाचताना तो प्रसंग पुन्हा आठवला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ जण दगावले. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की, एका विमानातून आलेल्या संदिग्ध वाक्याला नियंत्रण कक्षाने आधी ‘ओके’ म्हटले आणि त्यापुढची थांबण्याची सूचना, दुसऱ्या विमानाचा संदेश त्याच क्षणी आल्यामुळे, वैमानिकांना नीट ऐकू गेली नाही. महत्त्वाची सूचना नुसत्या होकाराने न स्वीकारता तिचा गाभा उच्चारून दाखवायचा, हा दंडक त्यानंतर अधिक कडक झाला.

आपले म्हणणे पोहोचले, असे बोलणाऱ्याला इतक्या सहज का वाटते? मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला सांगितला होता. ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी तीनच ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, समोरच्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. माझा ‘शुक्रवार’ही तसाच होता.

‘समजले ना?’ हा प्रश्न मी आता टाळतो, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘सुरुवात कुठून कराल?’ असे विचारले की गैरसमज असेल तर तो तिथेच उघडा पडतो. अर्थात, समोरच्याकडून पाठ म्हणवून घेतल्यासारखे होण्याची भीती असतेच. म्हणून काम माझ्याकडे येते तेव्हा मी स्वतःहून ते माझ्या शब्दांत परत सांगतो. ही सवय हळूहळू इतरांनाही लागली.

गेल्या आठवड्यात एका नव्या सहकारी बाईंनी मला मध्येच थांबवून विचारले, “म्हणजे हा तक्ता आपल्यासाठी, की ग्राहकाला दाखवण्यासाठी?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले की, ते मीच ठरवलेले नव्हते.