दुसऱ्या गटाच्या तळाला पंचम नको

वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या असतात, मधे विणेकरी. एका ओळीनं चरण म्हणायचा, दुसरीनं उचलायचा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हे सगळ्यांच्या पाहण्यातलं. म्हणून सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या ‘कोरी स्पेत्साती’बद्दल, म्हणजे दोन-तीन जागी विभागून उभ्या केलेल्या गायकवृंदांबद्दल बोलायला लागलं की लगेच ऐकू येतं, "हे तर आमच्यात आहेच की." आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं अंतरात आहे, आणि नव्या रचनेत हे तंत्र आणताना घोटाळा होतो तो तिथेच.

आधी आकडे. साधारण 20 अंश तापमानाला आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. टाळकऱ्यांच्या दोन ओळींत तीनेक मीटर अंतर असेल, तर समोरचा आवाज 9 मिलिसेकंदांनी पोचतो. कानाला तो एकच लागतो. हेच दोन गट मोठ्या मंगल कार्यालयाच्या दोन टोकांना, 34 मीटरवर उभे केले की सेकंदाचा दहावा भाग उशीर होतो. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि चौपटीतलं एक अक्षर सेकंदाच्या आठव्या भागाचं. म्हणजे समोरचा गट जवळजवळ एक अक्षर मागे ऐकू येतो.

खरं दुखणं याच्या पुढचं. डावा गट उजव्याचा आवाज ऐकून त्याला जुळवून घेतो, उजवा डाव्याला. दोघेही प्रामाणिकपणे एकमेकांसाठी थांबतात, आणि दहा-बारा आवर्तनांत लय खाली येते. ‘ऐकून गा’ हा एरवीचा सोन्यासारखा सल्ला इथे घात करतो. इथे बघून गायचं. हात देणारा, म्हणजे हातानं लय दाखवणारा, एकच, दोन्ही गटांना सरळ दिसेल अशा जागी, आणि त्याच्या हातावर दिवा. खांब आड येत असेल तर दुसरा माणूस उभा करा, पण त्यानंही पहिल्याचा हात बघूनच हात द्यायचा. फोनचा कॅमेरा लावून पडद्यावर हात दाखवण्याची युक्ती करू नका, चित्राचा उशीर आवाजाच्या उशिरापेक्षा जास्त निघू शकतो.

आता व्हेनिस. आद्रियान विल्लार्ट 1527 मध्ये तिथल्या सेंट मार्क्स चर्चचा संगीतप्रमुख झाला, आणि त्याची दोन गटांसाठीची स्तोत्रं 1550 मध्ये छापली गेली. पद्धत त्यानं शोधली असं नाही. इटलीतल्याच पाडुआ, बेर्गामो इथे ती आधीपासून होती. दोन सज्जांतून समोरासमोर गाणारे गट हे चित्रही विल्लार्टच्या स्तोत्रांच्या बाबतीत फारसं टिकत नाही. तिथल्या विधींच्या नोंदींनुसार एका बाजूला चार एकल गायक आणि दुसरीकडे बाकी सगळे, तेही बहुधा एकाच मोठ्या व्यासपीठावर. आमच्या मते ही विषम वाटणीच उचलण्याजोगी आहे. दहा विरुद्ध दहा केलं की चेंडूफेक होते, आणि चौथ्या फेकीला श्रोता घड्याळ बघतो. वीस गायक असतील तर चार जाणकार एकीकडे, सोळा दुसरीकडे. किंवा व्हेनिसचाच पुढचा रचनाकार जोव्हान्नी गाब्रिएली याच्या वळणानं एक गट उंच स्वरांचा, एक खर्जाकडचा.

विल्लार्टचा शिष्य झार्लिनो यानं 1558 च्या ग्रंथात दोन अटी घालून ठेवल्या. पहिली, प्रत्येक गटाची स्वरसंगती स्वतंत्रपणे पूर्ण हवी. दुसरी, सगळे गट एकत्र गातील तेव्हा त्यांचे सर्वांत खालचे आवाज एकाच स्वरावर किंवा सप्तकाच्या अंतरानं ठेवावेत. फार तर तिसऱ्या स्वराचं अंतर चालेल, पंचमाचं नाही. हे सरगमीत मांडलं की लख्ख दिसतं. पहिल्या गटाच्या तळाला सा आहे, वर ग आणि प. दुसऱ्या गटाच्या तळाला प ठेवला आणि त्याच्या वर सा-ग. दुसऱ्या गटाजवळ बसलेल्याला पहिल्या गटाचा सा लांबून, बारीक येतो. त्याच्या कानाला जमीन म्हणजे पंचम. त्या पंचमाला सा मानलं की वरचा सा त्याचा मध्यम होतो, आणि सगळं अधांतरी लटकतं. हॉलच्या अर्ध्या लोकांना गाणं बसलेलं वाटतं, अर्ध्यांना कुठंतरी चुकल्यासारखं, आणि चूक कुणालाच सापडत नाही, कारण प्रत्येक गायक सुरात असतो. तळाला ग ठेवला तर पाया थोडा मऊ होतो, पण मध्यमाचा घोळ येत नाही.

म्हणून लिहिताना आधी एकत्र येण्याच्या जागा ठरवा, तिथे दोन्ही तळांना षड्ज द्या, मग वरचं भरा. आळीपाळीनं गाताना हे बंधन नाही. गट बदलताना मात्र फट ठेवू नका. पहिल्या गटाच्या शेवटच्या स्वरावरच दुसऱ्यानं उचलायचं, दोघांनी तो स्वर मात्राभर एकत्र धरायचा. दुसऱ्या गटाला सूर शोधावा लागत नाही, आणि पहिल्याचा आवाज कुठे संपला ते कळत नाही.

जागेसाठी आपल्याकडे एक नामी उदाहरण आहे. खानापूर तालुक्यात हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह-नृसिंहाचं देऊळ आहे, त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. दोन गटांच्या रचनेसाठी याहून बोलकी वास्तू कल्पून सापडणार नाही. पूजेच्या वेळा आणि परवानगी सांभाळून. तिथे किंवा कुठल्याही दगडी मंडपात आधी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. समांतर भिंतींत ती फडफडत परत आली तर गट एक-दोन पावलं तिरके वळवा. नाद लांबत असेल तर लय उतरवा, गायकांना ‘जोरात’ सांगू नका. जोर वाढला की नादही तेवढाच वाढतो आणि शब्द आणखी बुडतात.

शब्दांचं म्हणाल तर ‘विठ्ठल’ हा इथे सर्वांत अवघड शब्द. त्यातला ठ्ठ दोन बाजूंनी दोन वेळी आला की ठ-ठ-ठ असा पत्र्यावर गारा पडल्यासारखा ऐकू येतो. लांबच्या गटानं नुसता स्वर लांबवावा आणि ठ्ठ एकाच गटानं उच्चारावा. ‘राम’, ‘हरी’ यांना हा त्रास फारसा नाही.

टाळ दोन्ही बाजूंना देऊ नका, त्याचा टोकदार आवाज उशिराची चहाडी करतो. पखवाज एकच, हात देणाऱ्याजवळ. पेटीही शक्यतो नको. दोन पेट्यांचा एकच स्वर 440 आणि 442 हर्ट्झवर असेल तर सेकंदाला दोन आंदोलनं, म्हणजे आवाजाचे चढउतार, हॉलभर फिरतात, आणि पेटीचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा तसाही सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. प्रत्येक गटाला एक तंबोरा, दोन्ही एकाच माणसानं लावलेले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा ब्लूटूथ स्पीकरवर लावला तरी बिघडत नाही, सलग चालणाऱ्या आसेला उशीर कसला? लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी धून, मात्र तसा लावला की संपलं.

साऊंडवाल्याशी आधीच बोला. त्याची सवय म्हणजे सगळे माईक एकत्र करून दोन्ही बॉक्समधून (स्पीकरमधून) सारखंच सोडायचं. तसं केलं की श्रोत्याला दोन्ही गट जवळच्या बॉक्समधून ऐकू येतात आणि विभागणी फुकट जाते. माईकशिवाय जमलं तर उत्तमच. नाहीच जमलं, तर ज्या गटाचा आवाज त्याचा बॉक्स त्याच गटाशेजारी, दुसऱ्यात त्याचा थेंबही नको.

गेल्या शतकात ही वाट पुन्हा रुळली. जर्मन रचनाकार श्टॉकहाउझेनच्या ‘ग्रुपेन’मध्ये तीन वाद्यवृंद, तीन संचालक आणि 109 वादक आहेत; पहिला प्रयोग 1958 मध्ये कोलोनला झाला. कॅनडाची कलाकार जॅनेट कार्डिफ हिनं 2001 मध्ये सोळाव्या शतकातला इंग्रज रचनाकार टॉमस टॅलिस याची चाळीस स्वतंत्र आवाजांची, पाच-पाचच्या आठ गटांची रचना चाळीस स्पीकरांतून मांडली; ऐकणारा एकेका आवाजापाशी चालत जातो. तालमीत हेच करायला हवं. हात देणाऱ्याच्या जागी सगळं नेहमीच छान ऐकू येतं, म्हणून एकानं न गाता चारी कोपऱ्यांत बसून ऐकायचं, आणि प्रत्येक कोपऱ्यात फोनवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करायचं. पंखे तेव्हा बंद. आणि पत्र्याच्या छताचा हॉल असेल तर जून ते सप्टेंबर तारीख धरू नका, खानापूरकडच्या पावसापुढे चाळीस आवाजही कमीच पडतील.