तोडणीला गेलेली सून फॉर्ममध्ये दिसत नाही

दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या देशातल्या लेरिबे जिल्ह्यातल्या घरपाहणीचे फॉर्म तपासताना एका घरापाशी अडले, आणि ते घर अजून डोक्यातून जात नाही. 'गेल्या वर्षभरात घरातलं कुणी बाहेर राहायला गेलं का?' या प्रश्नाला उत्तर होतं, नाही. त्या 'नाही'वर टॅबलेटने स्थलांतराचा सगळा विभाग गाळला. पण आवकीच्या पानावर सप्टेंबर ते डिसेंबर दरमहा पैसे आलेले होते.

पुन्हा विचारायला गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सून कुठे गेलीय? इथलीच आहे ती. तोडणीपुरती फिक्सबर्गला असते."

फिक्सबर्ग दक्षिण आफ्रिकेत, मधे सीमेवरची मोहोकारे नदी. तिथल्या शेतांवर अ‍ॅस्परॅगस ही कोंबांची भाजी होते. त्याचा कोंब भराभर वाढतो, शेंडा फुटायच्या आत तोडावा लागतो, म्हणून हंगामात रोज पहाटे तोडणी. बायका आपली मुलं सासूकडे ठेवून शेतावरच मुक्कामाला राहतात. लेसोथोची २०१६ची जनगणना झाली एप्रिलमध्ये. तेव्हा या बायका घरीच, म्हणून बाहेर गेलेल्यांत दिसत नाहीत.

पुरुषांचं तसं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत जाणाऱ्याचा करार व्हायचा, पगाराचा काही भाग कायद्याने लेसोथोतल्या बँकेत जमा व्हायचा, त्यामुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस लाखाहून अधिक बासोथो, म्हणजे लेसोथोचे लोक, खाणींत होते हे कागदावर सापडतं. पुढे खाणींतली भरती आटली, तरी धोरणं आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अजून खाणकामगारच. याची मला चीड येते.

अशा घरात 'कोण गेलं' हे विचारूच नये. आधी वर्षभरात या चुलीवर जेवलेल्या सगळ्यांची नावं घ्यायची. मग प्रत्येकापुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात बहुतेक रात्री कुठे काढल्या ते. तारखा आठवत नाहीत, तेव्हा ११ मार्चचा मोशोएशो दिन, ४ ऑक्टोबरचा स्वातंत्र्यदिन, नाताळ यांच्या आधी की नंतर, असं विचारायचं. शेवटी पैसे किंवा मक्याचं पीठ पाठवणारा माणूस यादीत आहे ना, हे ताडून पाहायचं. याला वेळ लागतो, म्हणून रोजचा कोटा भरायच्या घाईत पर्यवेक्षक हेच आधी गाळतात.

चौकोन भरून घेतले तरी पुढच्या तक्त्यात सहा महिन्यांची अट आहे. सून चार महिने बाहेर, म्हणजे तिथे ती रहिवासीच. हंगामी कामाला वेगळा रकाना द्या, असं मी प्रत्येक बैठकीत मांडते. तो अजून मिळालेला नाही.