कंडिशनरची बाटली उलटी करून वाचताना

बाटलीच्या पुढच्या बाजूला पानं असतात, दवाचे थेंब असतात आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द असतो. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ठरवायचं ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतल्या यादीवरून, आणि ती वाचायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. कंडिशनर काम कसं करतो एवढं कळलं की पुरे.

शाम्पूने तेल आणि मळ निघून गेला की केसाच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार उघडा पडतो. रंगवलेल्या, ब्लीच केलेल्या किंवा सतत गरम यंत्राखाली गेलेल्या केसांवर तो जास्तच असतो. कंडिशनरमधला मुख्य घटक धनभारित असतो. तो ओढला जाऊन केसाला चिकटतो, वरचे खवले सपाट बसतात, केसाला केस घासत नाही आणि गुंता सुटतो. साध्या कंडिशनरमध्ये ८० ते ९० टक्के पाणी, ३ ते ६ टक्के मेणासारखं फॅटी अल्कोहोल आणि जेमतेम १ ते ३ टक्के हा धनभारित घटक असतो. बाकी तेल, सुगंध आणि परिरक्षक, म्हणजे वस्तू खराब होऊ न देणारे घटक.

अडचणही इथेच आहे. ज्या भारामुळे हा घटक केसाला धरतो, त्याच भारामुळे तो पाण्यातल्या शेवाळाच्या पेशींना आणि माशांच्या कल्ल्यांनाही धरतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर त्याचा बराचसा भाग तिथल्या गाळात अडकतो. नसेल तर तो थेट नदीनाल्यात जातो. म्हणून पहिला प्रश्न ‘यात रसायन आहे का’ हा नाही. रसायन तर पाणीही आहे. विचारायचं ते हे, की धनभारित घटक कोणता आहे आणि तो किती लवकर तुटतो.

यादीत तो बहुधा पहिल्या चार-पाच नावांत सापडतो. सेट्रिमोनियम क्लोराइड जुनं आणि स्वस्त. पाण्यातल्या जिवांना विषारी आणि त्वचेला तुलनेने जास्त बोचणारं. बेहेनट्रिमोनियम क्लोराइड किंवा मेथोसल्फेटची साखळी लांब असते, त्यामुळे ते त्वचेला सौम्य आणि केस जास्त मऊ करणारं. पण पाण्यात गेल्यावर तेही निरुपद्रवी नाही. स्टिअरअमिडोप्रोपिल डायमिथिलअमाइन आणि मोहरीवर्गीय तेलापासून बनणारं ब्रासिकअमिडोप्रोपिल डायमिथिलअमाइन हे विघटनाच्या बाबतीत बरे. त्यांना धनभार मिळण्यासाठी आम्ल लागतं, म्हणून सोबत लॅक्टिक किंवा सायट्रिक आम्ल दिसतं. चौथा गट एस्टरक्वाट्सचा, उदाहरणार्थ डिस्टिअरॉइलएथिल डायमोनियम क्लोराइड. याच्या रेणूत मुद्दाम एक कमकुवत जोड ठेवलेला असतो, तो पाण्यात आणि जीवाणूंमुळे तुटतो. कपडे मऊ करणाऱ्या द्रवांमध्ये हा बदल युरोपात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच झाला. केसांच्या वस्तूंमध्ये तो रेंगाळत आला. दोन बाटल्या हातात असतील आणि एकीत शेवटच्या दोन गटांपैकी काही असेल, तर ती उचलावी.

‘मेथोसल्फेट’ वाचून दचकू नये. फेस करणाऱ्या सल्फेटशी त्याचा संबंध नाही. तसंच सेटिल, सिटिअरिल आणि स्टिअरिल अल्कोहोल केस कोरडे करत नाहीत, उलट मऊ करतात. कोरडं करतं ते अल्कोहोल डिनॅट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही यादीत वर असेल तर.

सिलिकोनबद्दल दोन्ही बाजूंनी बरीच बडबड चालते. ‘सिलिकोनमुळे केस गुदमरतात’ हे खरं नाही, कारण टाळूबाहेर आलेला केस मृत असतो, तो श्वास घेतच नाही. डायमेथिकोन या नेहमीच्या सिलिकोनचा थर साध्या शाम्पूने बऱ्यापैकी निघतो. आक्षेप पर्यावरणाचा आहे. सायक्लोटेट्रासिलॉक्सेन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन आणि सायक्लोहेक्सासिलॉक्सेन ही वलयाकार सिलिकोन (काही लेबलांवर नुसतं ‘सायक्लोमेथिकोन’) निसर्गात दीर्घकाळ टिकतात. युरोपीय संघाने यांतल्या पहिल्या दोन घटकांवर धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.१ टक्क्याची मर्यादा ३१ जानेवारी २०२० नंतर लागू केली आणि पुढे निर्बंध आणखी वाढवले. केसांवर तसेच ठेवायच्या सीरममध्ये ही नावं अजून दिसतात, तिथे नजर ठेवावी. बाकीची सिलिकोनही सहज कुजत नाहीत. केस फार खराब झालेले नसतील तर त्यांच्याशिवाय छान भागतं.

यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, पण १ टक्क्याखालच्यांचा क्रम कंपनी हवा तसा लावू शकते. ही रेषा शोधायची सोपी युक्ती म्हणजे फिनॉक्सिएथेनॉल. युरोपीय नियमांत त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे, त्यामुळे त्याच्यानंतर लिहिलेलं काहीही १ टक्क्याहून जास्त असण्याची शक्यता नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत आर्गन तेल आणि यादीत ते फिनॉक्सिएथेनॉलच्या खाली, हे चित्र फार वेळा दिसतं. त्या थेंबभर तेलासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

परिरक्षक नको म्हणणं मात्र धोक्याचं. एवढं पाणी असलेली वस्तू ओल्या न्हाणीघरात महिनोन्‌महिने उघडझाप होत राहते. परिरक्षक नसेल तर तिच्यात जीवाणू आणि बुरशी वाढणारच. घरी केळं किंवा कोरफड वाटून केलेला लेप म्हणूनच त्याच दिवशी संपवायचा. टाळायचं असेल तर मिथाइलआयसोथायाझोलिनोन टाळा. त्याने अनेकांना संपर्कजन्य अ‍ॅलर्जी झाली. युरोपात २०१७ पासून ते त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत बंद आहे आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत ०.००१५ टक्क्यापर्यंतच चालतं. डीएमडीएम हायडँटॉइन हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतं, तेही नको. सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट ही सौम्य जोडी. ती आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करते आणि कंडिशनर तसाही आम्लधर्मीच असतो, पीएच साधारण ३.५ ते ५.५.

सुगंध ही टाळूच्या खाजेची नेहमीची वाट, आणि ‘वनस्पतीजन्य तेलांचा सुगंध’ म्हणजे सुरक्षित असं नाही. लिमोनिन आणि लिनालूल झाडांतूनच येतात आणि हवेशी संयोग झाल्यावर अ‍ॅलर्जी करू शकतात. त्वचा हळवी असेल तर बिनवासाचा घ्यावा. नवीन कंडिशनरचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला काही मिनिटं लावून धुवावा, दिवसातून दोनदा, आठवडाभर. तिथे लाली आली तर टाळूवर नेण्याची गरजच उरत नाही.

आता वडीच्या रूपातला कंडिशनर. त्यात पाणी जवळजवळ नसतं, प्लास्टिकची बाटली लागत नाही, वाहतुकीचं वजन कमी होतं. पण धनभारित घटक तोच असतो, बहुधा बेहेनट्रिमोनियम, त्यामुळे ‘वडी म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक’ हे अर्धंच खरं. ती डोक्यावर घासू नये. ओल्या तळहातांत पाच-सहा वेळा फिरवून दूधट लेप झाला की टोकांना लावावा. वापरानंतर जाळीवर उभी ठेवावी, साचलेल्या पाण्यात ती लगदा होते.

वडी घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत वेगळीच असते. शाम्पूची वडी म्हणून खरा साबण हाती येतो. त्याच्या यादीत सोडियम कोकोएट, सोडियम पामेट किंवा सोडियम ऑलिव्हेट असतं. साबण ऋणभारित आणि कंडिशनर धनभारित. नीट न धुतलेल्या साबणावर कंडिशनर गेला की दोघांचा न विरघळणारा साका होतो. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणखी भर घालतं. केस मेणचट होतात, फणीवर पांढरट थर जमतो आणि दोष कंडिशनरला मिळतो. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट या साबण नसलेल्या फेसकावर आधारलेली वडी घेतली की हा प्रश्न बराच सुटतो. साबणच वापरायचा असेल तर कंडिशनरआधी अर्धा लिटर पाण्यात ५ टक्के आम्लाचं १५ मिली व्हिनेगर घालून केस खंगाळावेत. डोळे जपा.

बाटली घ्यायची तर एकाच प्रकारच्या प्लास्टिकची, फिकट रंगाची. काळं प्लास्टिक वर्गीकरणाच्या यंत्रांना बहुधा दिसतच नाही. पंपात धातूची स्प्रिंग आणि दोन-तीन जातींचं प्लास्टिक असतं. पुनर्भरणाची सोय असेल तर पंप तोच ठेवून आतलं भरावं.

प्रमाणात बहुतेकांचा हात सैल असतो. खांद्यापर्यंतच्या केसांना ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, पुरतो. कमरेपर्यंतच्या दाट केसांना १० ते १५ मिली. आधी केस पिळून पाणी काढावं, नाहीतर अर्धा कंडिशनर निथळून जातो. कानाच्या खालच्या भागाला लावावा, रुंद दातांच्या फणीने पसरावा आणि १ ते ३ मिनिटं थांबावं. नळ तोवर बंद. गरम पाण्याला लागणारी ऊर्जा हा या सगळ्या प्रकाराच्या पर्यावरणावरच्या ओझ्यातला फार मोठा वाटा आहे, त्यामुळे कोमट पाण्याने लवकर धुणं हे लेबल बदलण्याइतकंच मोलाचं.

केस जड, चपटे आणि लवकर तेलकट वाटू लागले तर थर साचलाय. महिन्यातून एकदा-दोनदा कंडिशनिंग घटक नसलेल्या साध्या शाम्पूने धुऊन पाहावं. उलट केस ताठ, गवतासारखे आणि ओढल्याबरोबर तुटणारे झाले तर यादीत हायड्रोलाइज्ड केराटिन, गहू किंवा रेशीम प्रथिन आहे का ते बघावं. असेल तर तीन-चार धुण्यांपुरतं प्रथिनाशिवायचं वापरावं, फरक तेवढ्यात कळतो.

नवं आणल्यावर जुनी अर्धी बाटली मोरीत ओतू नये. सगळा माल एकदम पाण्यात जातो. दाढी करताना किंवा पायांवर रेझर फिरवताना ते क्रीमच्या जागी चालतं, आणि आक्रसलेला लोकरी स्वेटर एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर घालून अर्धा तास भिजवला तर हलक्या हाताने ओढून थोडा सैल करता येतो.