ऑपेराशी ओळख: एकच ‘ला बोहेम’, सहा आठवडे

ऑपेराची ओळख करून घ्यायची म्हणून मी एकच कृती निवडली आणि सहा आठवडे दुसऱ्या कशाला हात लावला नाही: जाकोमो पुच्चिनीचा ‘ला बोहेम’. १ फेब्रुवारी १८९६ रोजी इटलीतल्या तोरिनो शहरात तो पहिल्यांदा झाला. चार अंक, एकूण संगीत पावणेदोन तासांच्या आसपास, गोष्ट सरळ. पॅरिसमधल्या माळ्यावरच्या थंड खोलीत राहणारा कवी रोडॉल्फो आणि शेजारची, भरतकाम करून पोट भरणारी, क्षयाने आजारी मिमी. गाजलेल्या आरियांच्या, म्हणजे एकेका पात्राच्या एकट्याच्या गाण्यांच्या, यादीपासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. वीस नाटकांतले वीस तुकडे सलग ऐकले की कोण कुणाला काय सांगतंय ते कळत नाही, आणि सगळे आवाज एकसारखे वाटू लागतात.

ध्वनिमुद्रण १९७२ चं घेतलं: रोडॉल्फो लुचानो पावारोत्ती, मिमी मिरेला फ्रेनी, हर्बर्ट फॉन कारायान यांचं संचालन, बर्लिन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद. शोधताना संगीतकार, संचालक आणि प्रमुख गायक अशी तिन्ही नावं टाकावीत. नुसत्या शीर्षकाने निवडक भागांचे अल्बम समोर येतात, आणि त्यांत आरियांना जोडणारे संवादच गाळलेले असतात. ॲपमधलं शफल बंद हवं, क्रॉसफेडही. अंकातलं संगीत अखंड असतं आणि ट्रॅकचे तुकडे फक्त सोयीसाठी पाडलेले असतात. क्रॉसफेड चालू राहिला तर जोडावर दोन तुकडे एकमेकांवर चढतात. फोनच्या स्पीकरवर खर्जातली वाद्यं ऐकूच येत नाहीत, म्हणून साधे का होईना हेडफोन लागतात. आवाजाची पातळी दुसऱ्या अंकातल्या गर्दीच्या, सर्वांत मोठ्या भागावर ठरवून घ्यावी आणि मग तिला हात लावू नये. हळू भागावर ठरवली तर पुढे कान फाटतात.

मग संहिता, म्हणजे लिब्रेटो. लुइजी इल्लिका आणि ज्युझेप्पे जाकोझा यांची मूळ इटालियन संहिता आणि शेजारी इंग्रजी भाषांतर अशी दोन रकान्यांची प्रत घ्यावी. प्रत्येक अंक आधी नुसता वाचला, मग वाचत वाचत ऐकला, तिसऱ्यांदा कागद बाजूला ठेवून ऐकला. अंकाला एक आठवडा. वाचताना नजर इटालियन रकान्यावर ठेवायची. इंग्रजीवर ठेवली की डोळा पुढे धावतो आणि गाणं मागे राहतं.

खरा अडथळा कानाचा असतो, आणि तो आपल्या कानाला जास्त जाणवतो. आपल्याकडे लावलेला स्वर स्थिर हवा. हलवायचाच तर आंदोलन किंवा गमक म्हणून, हेतूने. ऑपेरातला गळा लांब स्वरावर सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा वरखाली झुलतो. पहिले काही दिवस ते चक्क बेसूर वाटतं. हा आवाज माइकशिवाय, मोठ्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी घडवलेला असतो. गायक गळ्यातली पोकळी अशी आकारतात की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार येते. वाद्यवृंदाचा मुख्य जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे गळा त्यावरून कापत जातो. कंप त्याच घडणीचा भाग आहे. त्यावर उपाय एकच: झुलणाऱ्या स्वराच्या दोन कडा पकडू नयेत, मधला बिंदू धरावा. फ्रेनी यांचा कंप घट्ट आणि समान आहे, म्हणून सवय लावायला त्यांचा आवाज फार चांगला.

दुसरी अडचण षड्जाची. तानपुरा नाही, आणि षड्ज बदलत राहतो. रोडॉल्फोची पहिली आरिया आपल्या भाषेत काळी एकमध्ये सुरू होते आणि काळी चारमध्ये संपते. लगेच मिमीची पांढरी दोनमध्ये सुरू होते. कान ‘सा’ शोधत बसला तर प्रत्येक वळणावर पाय घसरल्यासारखं वाटतं. मी ‘सा’ शोधणं सोडलं आणि सर्वांत खालच्या वाद्यांकडे, चेलो आणि डबल बासकडे कान लावला. आधार तिथून मिळतो. षड्ज कधी हलला हे खालचा स्वर सरकताना कळतं, आणि तो हलतो तेव्हा बहुतेक वेळा पात्राच्या मनातही काहीतरी हललेलं असतं.

पहिल्या अंकातला मिमीने दार ठोठावल्यापासूनचा भाग, सुमारे १८ मिनिटं, मी रोज ऐकला. मेणबत्ती विझते, किल्ली हरवते, अंधारात हाताला हात लागतो. ‘के जेलिदा मानीना’, किती गार हा हात, हे गाणं जवळपास एकाच स्वरावर, बोलल्यासारखं सुरू होतं. मग ‘मी कोण? मी कवी’ असा मधला भाग, आणि शेवटी ‘तालोर’ या शब्दापासून मोठी, रुंद चाल. ‘स्पेरान्त्सा’, म्हणजे आशा, या शब्दावर टेनरचा, म्हणजे उंच पट्टीतल्या पुरुष आवाजाचा, वरचा सी येतो. काही गायक सगळी आरिया अर्धा स्वर खाली घेऊन गातात. त्यात चूक काही नाही. मिमीच्या आरियानंतरच्या युगुलगीतात तीच रुंद चाल परत येते. ती मला स्वतःहून ओळखता आली तिथपासून पुढचं सगळं सोपं झालं.

दुसरा अंक, नाताळच्या आदल्या रात्रीचा कॅफे मोम्युस, वीसेक मिनिटांचा. इथे बरेच जण सोडून देतात, कारण फेरीवाले, मुलं आणि मित्र एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात. नुसतं ऐकून हा अंक कळत नाही. तो चित्रफितीवर बघावा. ऑपेराव्हिजन या संकेतस्थळावर युरोपातल्या नाट्यगृहांचे प्रयोग सबटायटल्ससह मोफत असतात.

तिसऱ्या अंकाची सुरुवात बासरी आणि हार्पच्या कोरड्या पंचमांनी होते. बर्फ पडताना ऐकू येतो. शेवटच्या चौघांच्या गाण्यात रोडॉल्फो-मिमीची जोडी हळुवारपणे निरोप घेते आणि दुसरी भांडते. दोन-दोन ओळी आलटून पालटून कान लावून ऐकाव्यात, सगळं एकदम पकडायला जाऊ नये.

चौथ्या अंकात पहिल्या अंकाच्या चाली परत येतात. मरणाच्या दारातली मिमी ‘के जेलिदा मानीना’चे शब्द स्वतः गुणगुणते. त्याआधी रोडॉल्फोचा मित्र कोलिन औषधासाठी विकायला काढलेल्या आपल्या जुन्या कोटाला निरोप देतो, जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. पडदा पडताना वाद्यवृंद त्याच कोटाच्या गाण्याच्या शेवटच्या सुरावटीने थांबतो. पहिला अंक पाठ नसेल तर या अंकाची अर्धी ताकद हातून जाते, म्हणून सहाव्या आठवड्यात चारही अंक एका बैठकीत ऐकले.

आपल्या संगीत नाटकाशी तुलना करताना एक सांभाळावं. तिथे पदांमध्ये बोलणं असतं, पद गायक वाढवतो, वन्स मोअर मिळतो. ‘ला बोहेम’मध्ये बोलणंही गायलेलं असतं आणि स्वर कागदावर लिहिलेले. टाळी आरियानंतर चालते, पण आवाज थांबला म्हणून वाजवू नये, वाद्यवृंद थांबू द्यावा. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवले जातात. मध्यंतरं धरून अडीच-तीन तास काढून जावं.

पुढचा ऑपेरा म्हणून मी ‘कारमेन’ सुचवेन, १८७५ चा. त्याच्या मूळ रूपात गाण्यांमध्ये बोललेले संवाद आहेत, त्यामुळे संगीत नाटक पाहिलेल्याला तो लवकर जवळचा वाटतो. जर्मन संगीतकार वाग्नर घाईने लावू नये: ‘दास राइनगोल्ड’ मध्यंतराशिवाय अडीच तास चालतो.