टर्बो पेट्रोल गाडीचं फ्युएल प्रेशर: माझा अनुभव (आणि वैताग)

'फ्युएल प्रेशर ओके' असं जॉब कार्डवर लिहून मिळालं आणि वर टर्बो बदलायचं एस्टिमेट. कुठलं वर्कशॉप ते सांगत नाही, पण अजून डोकं फिरतं.

गाडी टर्बो पेट्रोल, साधं पोर्ट इंजेक्शन (म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये नाही, त्याआधी हवेच्या वाटेत फवारलं जातं). शहरात काही त्रास नाही, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये टर्बोला काम तरी कुठे असतं म्हणा. पण बोरघाट चढताना नाहीतर ईस्टर्न फ्रीवेवर जरा जोरात दाबली की मधेच दम सोडायची, झटके द्यायची, आणि मग चेक इंजिन लाइट. कोड पी0171, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. प्लग, इंटरकूलरचे होज, एअर फिल्टर सगळं बघून झालं होतं. ओळखीतल्या प्रत्येकाने ई-20 ला (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) शिव्या घालून घेतल्या, हल्ली गाडीला काहीही झालं तरी तेच कारण.

आता ते 'ओके' कसं ठरलं ते ऐका. गाडी वर्कशॉपमध्ये उभी, इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू), गेज लावला, काटा 4 बारवर, झालं, काढला गेज. मी म्हटलं, "अहो, आयडलला गाडी व्यवस्थितच चालते, लोडवर बघा ना." तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, "सर, स्पेसिफिकेशन 4 बार आहे, 4 बार आलंय, अजून काय बघणार?" अरे बाबा, आयडलला इंजिन पेट्रोल पितं किती? सोसायटीत दुपारी एकच नळ चालू असेल तर धार मस्तच येणार, सकाळी सगळ्यांचे नळ सुटले की कळतं पंपात दम आहे का ते. बूस्ट आला, म्हणजे टर्बो हवा दाबून भरायला लागला, की हवा जास्त, त्या हवेला पेट्रोलही कितीतरी पट जास्त लागतं, आणि थकलेला पंप नेमका तिथेच मान टाकतो. मग म्हणे, "स्कॅनरला प्रेशरचा कोड नाहीये सर." कसा येणार? माझ्या गाडीच्या रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) प्रेशर सेन्सरच नाही! सेन्सर नाही तर स्कॅनर काय डोंबल दाखवणार. हे फोरमनला सांगितलं तर तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि शेवटी "गेज लावून गाडी बाहेर काढत नाही आम्ही" यावर विषय संपला. टर्बो मात्र लगेच मागवायला तयार.

शेवटी कुर्ल्याला एक जुने मेकॅनिक आहेत त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "आधी टी-जॉइंट आणा, तुमच्या रेलला गेज लावायला व्हॉल्व्हच दिलेला नाही." फ्युएल पाइपच्या क्विक कनेक्टरला बसेल असा टी आणि लांब होजचा गेज नागदेवीच्या बाजारात मिळाला. साइज बघून घ्या, 'बसेल हो' वर विश्वास ठेवू नका, पेट्रोलचं काम आहे.

काकांनी आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. तरी पाइप काढताना थोडं पेट्रोल येतंच, खाली फडकं धरा, इंजिन आणि टर्बो थंड असू दे, फायर एक्स्टिंग्विशर जवळ. होज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर बाहेरच्या बाजूने टेपने चिकटवला, आत केबिनमध्ये अजिबात घ्यायचा नाही. पहाटे फ्रीवेवर गेलो, मी चालवतोय, काका काट्यावर डोळे लावून. आयडलला 4. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली, बूस्ट आला, आणि काटा घसरत घसरत पार 3 च्या खाली. काका नुसते हसले. मला तर ओरडावंसं वाटलं!

पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज बरोबर होतं (हे बघितल्याशिवाय पंप बदलू नका, वायरिंगमध्ये व्होल्टेज पडलं तरी हेच होतं). टाकीतून पंप काढला तर खालची जाळी काळ्या चिखलाने भरलेली. नवीन पंप टाकला, परत तीच टेस्ट, काटा 4 वरून हलला नाही. टर्बो जुनाच आहे, झकास चालतोय.

रेग्युलेटर (पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा भाग) टाकीत असेल तर काटा असा स्थिर हवा. रेलवर व्हॅक्यूम होजवाला रेग्युलेटर असेल तर बूस्टबरोबर प्रेशर तेवढंच वाढायला पाहिजे, तिथे स्थिर काटा म्हणजेच गडबड. आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर हाय प्रेशर लाइनला हातसुद्धा लावू नका, तिथे 100-200 बार असतात, ते स्कॅनरवरच बघायचं, गेज फक्त टाकीकडून येणाऱ्या लाइनला.

हो, एक राहिलंच. गेज लावलाच आहे तर इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा. काटा झरझर खाली आला तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल टाकीत परत जाऊ न देणारा) नाहीतर इंजेक्टर गळतोय, सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होत असेल तर आधी हेच बघा.